ताई ची: मैदानात आणि फोनवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी पार्कच्या एका कोपऱ्यात आम्ही वीसेक जण सकाळी सहाला ताई ची करतो. फेऱ्या मारणारे थांबून बघतात, काही जण तिथेच विचारतात, काही संध्याकाळी फोनवर मेसेज पाठवतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवायचं ठरवलं. मी डॉक्टर नाही, शिकवणारी आहे. त्यामुळे आजाराबद्दल जे लिहिलंय ते घेऊन आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. ताई ची म्हणजे नेमकं काय? व्यायाम, ध्यान, की कराटेसारखं काही?

मुळात ही चिनी युद्धकला. पूर्ण नाव ताईजीच्वान, आणि त्यातल्या 'च्वान'चा अर्थच मूठ. आज बहुतेक लोक ती करतात ते मात्र तब्येतीसाठी. उभ्यानं करायचं, गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, श्वास आपल्या लयीत. एक हालचाल जिथे संपते तिथूनच पुढची निघते, मध्ये थांबा नसतो. मन दुसरीकडे गेलं की पाय चुकतो, म्हणून आपोआप ध्यानही होतं. तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. कुठली जास्त हवी ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मराठीत लिहिताना मध्ये जागा सोडा. नाहीतर 'ताईची' असं वाचलं जातं आणि कोणाच्या ताईची, असा प्रश्न येतो. मला तो दर महिन्याला येतो.

२. यातला 'ची' म्हणजे आपला प्राणच ना?

नाही. प्राणाच्या जवळ जाणारा चिनी शब्द 'छी' आहे, त्याचं अक्षर वेगळं. दोन्ही शब्द इंग्रजी अक्षरांतून फिरून आपल्याकडे आले आणि एकमेकांत मिसळले.

ताई ची मधल्या 'ची'चा (आजच्या चिनी उच्चाराप्रमाणे 'जी') मूळ अर्थ घराचं आढं. कोकणातलं कौलारू घर डोळ्यांसमोर आणा: माथ्यावरचं ते आडवं लाकूड, ज्याच्या दोन्ही अंगांना छप्पर उतरतं. त्यावरून 'टोक', 'परमावधी' असा अर्थ आला. 'ताई' म्हणजे सर्वांत थोर. ताईजी म्हणजे ते सर्वोच्च टोक, जिथून यिन आणि यांग अशा दोन बाजू उतरतात.

'छी' हा शब्दही शिकताना कानावर पडेलच. बेंबीखाली तीन बोटांवर, पोटाच्या आत 'दांत्येन' नावाची जागा मानतात आणि तिथे लक्ष ठेवायला सांगतात. मीही सांगते, कारण लक्ष तिथे गेलं की माणूस खांद्यातून हलायचं सोडून कमरेतून हलू लागतो. छी मोजण्याचं यंत्र नाही, आणि फायदा व्हायला त्यावर श्रद्धा असावीच लागते असंही नाही.

३. यिन-यांग, ताओ (म्हणजे निसर्गाची वाट) हे चिनी तत्त्वज्ञान समजलं नाही तर चालेल का? आणि ते आमच्या धर्माच्या आड येईल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते: यात पूजा नाही, मंत्र नाही, दीक्षा नाही. आमच्या गटात रोज देवपूजा करून येणाऱ्या काकू आहेत, नमाज पढून येणारे चाचा आहेत, चर्चला जाणाऱ्या आंटी आहेत. आजवर कोणाला अडचण आलेली नाही.

तत्त्वज्ञान मात्र टाळू नका, कारण ते पायांतच शिकायचं असतं. यिन म्हणजे मुळात डोंगराची सावलीची बाजू आणि यांग उन्हाची. डोंगर एकच असतो; सूर्य सरकतो तशा बाजू बदलतात. आता उभे राहा आणि सगळा भार डाव्या पायावर घ्या. डावा पाय 'भरलेला', उजवा 'रिकामा'. रिकामा पाय पुढे टेकवा, टाच आधी, भार न देता. मग हळूहळू एका हंड्यातून दुसऱ्या हंड्यात पाणी ओतावं तसा भार ओता. धार तुटता कामा नये. उजवा भरला की डावा रिकामा झाला. संपूर्ण ताई ची म्हणजे ही ओताओत. दोन्ही पायांवर निम्मा-निम्मा भार ठेवून रेंगाळणं यात चूक मानतात, कारण तशा माणसाला पटकन कुठेच वळता येत नाही. मी नव्या माणसाला पहिला महिनाभर एकच प्रश्न विचारते: आत्ता वजन कुठल्या पायावर आहे? सांगायला सोपं वाटतं, पण चालता चालता थांबवून विचारलं तर निम्म्या लोकांना उत्तर देता येत नाही.

दुसरी कल्पना सैलपणाची. चिनी शब्द 'सोंग', आपल्या सोंगाशी त्याचा संबंध नाही. सैल म्हणजे गळून गेलेलं नव्हे. दोरीवर वाळत घातलेला सदरा बघा. सदरा लोंबतोय, पण दोरी ताठ आहे. कणा ती दोरी, खांदे आणि हात तो सदरा.

तिसरी गोष्ट जोराला जोरानं न भिडण्याची. या कलेत एक जुनं वचन आहे: चार लिआंगनी हजार जिन वळवावेत. गंमत अशी की जुन्या चिनी मापात एका जिनचे सोळा लिआंग होत, जसे आपल्या शेराचे सोळा छटाक. तेव्हा बिनधास्त म्हणा, चार छटाकांनी हजार शेर वळवायचे. ढकलणाऱ्याला उलट न ढकलता त्याचाच जोर बाजूला वळवून द्यायचा.

४. हे कोणी सुरू केलं? एका साधूनं साप आणि पक्ष्याची झुंज बघून शोधलं म्हणतात.

ती वुदांग पर्वतावरच्या झांग सानफेंगची दंतकथा. सुंदर आहे, पण इतिहास म्हणून तिला आधार नाही. खात्रीचा माग लागतो तो हनान प्रांतातल्या चेन गावात, सतराव्या शतकात, चेन वांगतिंग नावाच्या योद्ध्यापाशी. पुढे दीडेकशे वर्षं ही विद्या घराण्यातच राहिली. मग यांग लूचान (१७९९ ते १८७२) हा बाहेरचा माणूस ती शिकला आणि बीजिंगला घेऊन गेला. त्याचा नातू यांग छंगफू (१८८३ ते १९३६) यानं उड्या आणि झटके काढून टाकून तिला आज दिसणारं संथ, रुंद रूप दिलं. सर्वसामान्यांपर्यंत ती पोचली ती त्या रूपामुळे.

१९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगानं या यांग घराण्याच्या शैलीवरून २४ हालचालींचा छोटा क्रम बसवला. जगात आज सर्वांत जास्त तोच शिकवतात. २०२० मध्ये युनेस्कोनं ताईजीच्वानचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला.

५. चेन, यांग, वू, सुन... यातली कुठली शैली शिकू?

जी शिकवणारा चांगला माणूस तुमच्या घराजवळ आहे, ती. विरार ते दादर रोज जाऊन कोणी टिकत नाही.

एकाहून जास्त उपलब्ध असतील तर: तरुण असाल, गुडघे धड असतील, मधूनच येणारे वेगवान फटके आवडत असतील तर चेन. निवांत, मोठ्या हालचाली हव्या असतील तर यांग. साठीपुढच्या आणि गुडघेदुखी असलेल्यांसाठी सुन शैली चांगली. तिच्यात उभं राहणं उंच असतं आणि एक पाय सरकला की दुसरा त्याच्यामागे येतो. आम्ही यांग शैलीतला २४चा क्रम करतो. पूर्ण व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात. यांगांचा लांब क्रम १०८ हालचालींचा, त्याला वीस मिनिटं सहज जातात.

६. मी रोज योगासनं आणि सूर्यनमस्कार घालतो. मग हे वेगळं कशाला?

सोडू नका, चालू ठेवा. योगाची मोठी परंपरा आपल्या दाराशी आहे. सांताक्रूझची योगसंस्था १९१८ सालची, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ सालचं. लवचिकपणा आणि श्वासाचं काम योगात जास्त सखोल होतं, असं माझं मत आहे.

फरक आहे तो हलताना सांभाळायच्या तोलाचा. वृक्षासनात तुम्ही एका जागी स्थिर होता. माणूस पडतो तो मात्र जागा बदलताना: वळताना, मागे सरताना, जिन्याची शेवटची पायरी चुकल्यावर, बसमधून उतरताना. ताई ची नेमका तोच क्षण घेते, त्याचा वेग दहापट कमी करते आणि पुन्हा पुन्हा करून घेते. सूर्यनमस्कारात मनगटावर येणारा भार ज्यांना झेपत नाही त्यांनाही हे जमतं.

७. इतक्या हळू हलून कसला आलाय व्यायाम? घामही येत नाही.

मुंबईत घाम न येण्याची चिंता करू नका. एक प्रयोग करा. भिंतीजवळ उभे राहा, एक हात भिंतीला. गुडघे दोन बोटं वाकवा. आता एक पाऊल पुढे टाका, पण पाय उचलण्यापासून पूर्ण भार देईपर्यंत मनात वीस आकडे मोजा. दहा पावलं अशी चाला. सातव्या-आठव्या पावलाला मांड्या थरथरायला लागतात. भरभर चालताना आपण एका पायावर क्षणभर असतो आणि उरलेलं काम वेग करून टाकतो, सायकल वेगात असताना पडत नाही तसं. वेग काढून घेतला की सगळं काम मांड्या, पुठ्ठे आणि घोट्याभोवतीच्या छोट्या स्नायूंवर येतं.

श्रमाच्या मापात ताई ची साधारण मध्यम चालण्याइतकी धरतात, म्हणजे आरामात बसलेल्या माणसाच्या सुमारे तिप्पट ऊर्जा. फक्त वजन उतरवायचं असेल तर ती एकटी पुरणार नाही, जोडीला भरभर चाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि ६५ च्या पुढच्यांना त्यातच आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींवर भर देणारा व्यायाम. तोलाच्या या व्यायामासाठी ताई ची फार चांगली.

८. पडणं खरंच कमी होतं का, की हे फक्त म्हणायचं?

हा प्रश्न माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. माझी आई ७४ व्या वर्षी बाथरूममधून बाहेर येताना पायपुसणीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, हाड जुळलं, पण पुन्हा पडेन ही भीती गेली नाही. ती त्यानंतर एकटी कधी जिना उतरली नाही. मी शिकायला लागले ते तिच्यामुळे, तिला शिकवायला मात्र उशीर झाला होता.

पुरावा चांगला आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सत्तरीपुढच्या, पडण्याचा धोका असलेल्या ६७० लोकांचे तीन गट करून सहा महिने अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तोलासाठी खास बसवलेली ताई ची आठवड्यातून दोनदा, तासभर करणाऱ्या गटात पडण्याच्या घटना नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्के कमी, आणि ताकद, तोल, चालणं असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ३१ टक्के कमी झाल्या. सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला की आकडे खाली येतात: कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) हिच्या २०१९ च्या आढाव्यात ताई चीमुळे पडण्याचं प्रमाण साधारण १९ टक्के कमी दिसलं. लोकांना सांगताना मी हा लहान आकडाच सांगते.

ताई ची हे कसं करते? पायातली ताकद वाढते, घोट्याला जमिनीचा उतार लवकर कळतो, आणि मागे किंवा आडवं पाऊल टाकायची सवय लागते. धक्का बसला की वाचवतं ते हेच आडवं पाऊल. व्यायामाबरोबर घरातली सुटी पायपुसणी काढा, बाथरूममध्ये दांडी बसवा, रात्रीचा छोटा दिवा ठेवा. एवढं आजच करा.

९. बीपी, शुगर, सांधेदुखी, पार्किन्सन: कशाकशावर उपयोग होतो?

उपचाराला जोड म्हणून होतो, उपचाराऐवजी नाही. जिथे मला खात्री वाटते तेवढंच लिहिते.

पार्किन्सन: २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९५ रुग्णांचा अभ्यास आला. सहा महिने आठवड्यातून दोनदा ताई ची करणाऱ्यांचा तोल वजनांचा व्यायाम आणि स्ट्रेचिंग या दोन्ही गटांपेक्षा जास्त सुधारला. आजार बरा झाला असं त्यात कोणी म्हटलेलं नाही.

गुडघ्याची झीज: २०१६ च्या २०४ जणांच्या अभ्यासात बारा आठवड्यांची ताई ची फिजिओथेरपीच्या तोडीस तोड ठरली. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांची संस्था २०१९ पासून गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी तिची ठाम शिफारस करते. (प्रत्यक्ष करताना काय सांभाळायचं ते प्रश्न १० मध्ये.)

बीपी: रक्तदाब नुकताच वर सरकू लागलेल्या ३४२ लोकांचा चीनमधला अभ्यास २०२४ मध्ये आला. वर्षभरानंतर वरचा आकडा ताई चीनं सरासरी ७ नं उतरला, एरोबिक व्यायामानं साडेचारच्या आसपास.

शुगर: कुठलाही नियमित व्यायाम करतो तेवढी मदत. वेगळा चमत्कार सांगणाऱ्यापासून लांब राहा. झोप आणि मनावरचा ताण यात फरक पडल्याचं आमच्या गटातले बहुतेक जण सांगतात, आणि हा अनुभव अभ्यासांशी जुळतोही.

१०. माझे गुडघे दुखतात. वाकवून कसं करू?

नीट केलं तर गुडघे सुधारतात, चुकीचं केलं तर ताई चीच गुडघे बिघडवते. शिकवायला लागायच्या आधी, दुसऱ्या वर्षी मी व्हिडिओ बघून जमिनीलगत बसणारे पवित्रे घ्यायला गेले. खाली जाणं म्हणजे प्रगती असं तेव्हा डोक्यात होतं. उजवा गुडघा सुजला आणि सहा आठवडे दादर स्टेशनचा पूल कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढले. तेव्हापासून पहिल्या दिवशीच सांगते ते असं.

गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनंच बघत असली पाहिजे. ती आत ढासळली की थांबा. वाकताना गुडघा बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका. आणि सर्वांत मोठी चूक: भरलेला पाय जमिनीवर रोवलेला असताना त्याच्यावर अंग वळवणं. पाऊल तिथेच राहतं, कंबर वळते, आणि मधला पीळ गुडघा सोसतो. आधी भार मागच्या पायावर घ्या, पुढचा पाय रिकामा करा, टाचेवर वळवा, मग पुन्हा भरा.

किती वाकायचं? खुर्चीवरून उठताना शेवटच्या क्षणी गुडघे असतात तेवढं पुरे. मांडी भरून आली तर चांगलं. सांध्यात टोचलं तर उंच व्हा. सूज असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा दगा देत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

११. रोज किती वेळ करायचं आणि फरक कधी दिसेल?

रोज वीस मिनिटं. रविवारी दोन तास करून सहा दिवस सुट्टी घेण्यात अर्थ नाही. बहुतेक अभ्यास बारा ते चोवीस आठवड्यांचे आहेत, तेव्हा तीन महिने तरी निकाल मागू नका. आमच्याकडे पहिली खूण बहुतेकांना मोजे घालताना कळते: भिंतीला न टेकता एका पायावर उभं राहता येतं.

१२. आमचं घर दहा बाय बाराचं, त्यात माणसं पाच. करायचं कुठे?

पूर्ण क्रमाला साधारण चार-पाच मीटर लांबीची मोकळी पट्टी लागते. ती गच्चीत मिळते, चाळीच्या गॅलरीत मिळते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे मिळते. गच्चीवर कठड्यापासून दोन हात लांब राहा.

तेही नसेल तर एका चटईवर मावणाऱ्या हालचाली घ्या. 'ढगांसारखे हात' सर्वांत उत्तम: पाय खांद्याएवढे लांब, भार डावीकडून उजवीकडे ओतायचा, कंबर वळते तसे हात तोंडासमोरून तरंगत जातात. पायाची जागा न बदलता दहा मिनिटं करता येते. आमच्या गटातल्या एक काकू डाळ शिजेपर्यंत ओट्यासमोर करतात, कुकरच्या तीन शिट्ट्या हे त्यांचं घड्याळ. 'रानघोड्याच्या आयाळीचा भांग' पुढे एक पाऊल आणि मागे एक पाऊल असा फिरवून घेतला तर तीन फुटांत बसतो.

१३. कपडे, बूट काय हवेत?

सैल सलवार, ट्रॅक पँट, काहीही. साडीत करायची तर ती घोट्याच्या वर असावी. बूट पातळ, सपाट तळाचे; जाड गादीचे जॉगिंगचे बूट जमीन कळू देत नाहीत. स्लिपर नको. घरात अनवाणी चालेल, पण मधुमेहामुळे तळव्याला बधिरपणा असेल तर अनवाणी करू नका. पोट रिकामं किंवा चहा-बिस्किटापुरतं भरलेलं. जेवल्यावर दीड-दोन तास थांबा.

१४. पावसाळ्यात आणि धुळीत मैदानात कसं करता?

पावसाळ्यात मैदान सोडतो. शेवाळलेली फरशी आणि चिखल तोलाच्या व्यायामाला घातक. जून ते सप्टेंबर इमारतीचं लॉबी-पार्किंग किंवा घर. थंडीत आणि उन्हाळ्यात पार्कातली लाल माती उडते, तेव्हा पाणी मारलेल्या भागात किंवा झाडांच्या कडेला उभे राहतो. हिवाळ्यात सकाळी धुरकं दाटलेलं असेल आणि तुम्हाला दमा असेल तर त्या दिवशी घरी करा. ऑक्टोबरच्या उकाड्यात सातच्या आत आटपा, पाण्याची बाटली जवळ ठेवा.

१५. व्हिडिओ बघून शिकलं तर? आणि चांगला शिक्षक कसा ओळखायचा?

क्रम पाठ करायला व्हिडिओ चांगले. पण तुमचा गुडघा आत ढासळतोय हे व्हिडिओ सांगत नाही (प्रश्न १०). सुरुवातीचे तीन महिने तरी माणसासमोर शिका. व्हिडिओ लावाच तर पाठमोरा शिक्षक असलेला लावा, समोरून बघितलं की डावं-उजवं उलटं होतं.

शिक्षक निवडताना वर्ग एकदा नुसता बसून बघा. तो तुमचे आजार विचारतो का? साठीच्या माणसाला आणि पंचविशीच्या मुलाला वेगवेगळं वाकायला सांगतो का? 'आज नको जमत तर राहू दे' असं म्हणतो का? औषधं बंद करा म्हणणारा, हात न लावता माणसं उडवून दाखवणारा, किंवा पहिल्याच दिवशी वर्षाचे पैसे मागणारा, या तिघांना नमस्कार करून बाहेर पडा.

१६. वय ७२. मला क्रम पाठच होत नाही, लाज वाटते.

आजी, क्रम पाठ झाला नाही तरी फायदा अडत नाही. ओरेगनच्या अभ्यासात (प्रश्न ८) आठच हालचाली होत्या. तुम्ही तीन घ्या. एका आठवड्याला एक. नाव तोंडानं म्हणत करा: 'पांढरा करकोचा पंख पसरतो' म्हटलं की हात आपोआप आठवतात. आणि गटात मध्यभागी उभ्या राहा, म्हणजे कुठेही वळलात तरी समोर कोणीतरी दिसतं.

१७. कोणी करू नये? कोणी डॉक्टरांना विचारून करावं?

नुकतं ऑपरेशन झालेलं, हाड मोडलेलं, हार्ट अटॅक किंवा अर्धांगवायू होऊन थोडेच दिवस झालेले, हर्निया, वारंवार चक्कर, गरोदरपण, हाडांचा ठिसूळपणा खूप वाढलेला: यांनी आधी विचारावं, आणि शिक्षकालाही सांगावं. ताप असेल त्या दिवशी कोणीच करू नये.

काही गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी शेवटी एकदम थांबून उभं राहू नये, दोन मिनिटं चालावं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गोड गोळी ठेवावी, गटात एकाला तरी माहीत असावं. दुहेरी नंबरचा चष्मा असेल तर पायांकडे बघू नका. खालच्या काचेतून जमीन जवळ आल्यासारखी वाटते आणि तिथेच झोक जातो. नजर समोर, क्षितिजावर. पायांचं काम तळव्याला कळू द्या.

छातीत दुखलं, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा, बसा, हाक मारा. क्रम पूर्ण करायचा हट्ट नको.

१८. बाबांना उभंच राहता येत नाही. खुर्चीत बसून जमेल?

जमेल. चाकं नसलेली, हात असलेली खुर्ची, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले. भार पायांऐवजी एका बैठकीच्या हाडावरून दुसऱ्यावर ओतायचा, हात तेच. यानं चालण्याचा तोल उभ्यानं केल्याइतका सुधारणार नाही, पण खांदे मोकळे होतात, पाठ सरळ होते, आणि घरच्यांबरोबर बसून काहीतरी करायला मिळतं. सुरुवातीला तुम्ही समोर खुर्ची घेऊन बसा.

१९. स्वसंरक्षणाला उपयोग होईल का?

महिन्या-दोन महिन्यांत नाही. हालचालींचे युद्धातले अर्थ आहेत, आणि 'थुईशौ' नावाचा दोघांनी हात टेकवून एकमेकांचा तोल शोधायचा सरावही आहे. तो जरूर करा, मजा येते. पण तातडीची गरज असेल तर ज्युडो किंवा कराटेचा वर्ग गाठा.

२०. लोकलमध्ये उभ्याउभ्या सराव करता येईल का? माझा रोज दीड तास तिथेच जातो.

हात सोडून नाही, दारात तर मुळीच नाही. आत, वरची कडी धरून करता येईल. गुडघ्यांचं कुलूप काढा, पाय खांद्याएवढे लांब, एक थोडा पुढे. कडी घट्ट आवळू नका, हात नुसता अडकवलेला असू द्या. गाडी निघताना भार कुठल्या पायावर जातो ते बघा, वळणावर कुठे जातो ते बघा. गाडी जिथे रूळ बदलते, तिथे डबा आडवा हलतो. आधी गुडघे सैल झालेले असतील तर खांदा शेजारच्यावर आदळत नाही. गाडी फलाटाला लागताना ब्रेकच्या अर्धा क्षण आधी भार मागच्या पायावर घ्या. उतरताना गाडी पूर्ण थांबू द्या, पाय आधी फलाटावर टेकवा आणि मग त्यावर वजन द्या.